करार की भाडेकरार?

अलीकडे आमच्या धर्मग्रामांतून एक हिशेबी भाषा ऐकू येऊ लागली आहे. "फादर, दादरला गाडी बदलून माहीमचे नऊ बुधवार केले, मेणाचे घरही वाहिले, पण जागेचे काम झाले नाही. आता चर्चला येऊन काय उपयोग?" ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत अनेक कुटुंबांत हा प्रश्न विचारला जातो. त्याचे तयार उत्तर घेऊन फिरणारेही आहेत: "तुमची श्रद्धा कमी पडली. आमच्या प्रार्थनासभेला या. देवाला एकपट द्या, दसपट मिळेल." प्रश्न विचारणाऱ्याविषयी आम्हांला सहानुभूती आहे, कारण तो दुःखी आहे. असे उत्तर देणारा मात्र देवाच्या नावाने दुकान चालवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या घरांत दोन प्रकारचे करार असतात. कपाटात भाडेकरार असतो: मुदत अकरा महिने, अनामत रक्कम ठरलेली, अट मोडली की संबंध संपला. दुसरा करार पवित्र शास्त्रात आहे; त्याच्या दोन भागांना आपण जुना करार आणि नवा करार म्हणतो. शब्द एकच असल्यामुळे आपली गल्लत होते आणि देवाशी असलेले नाते आपण पहिल्या कागदावरून समजून घेऊ लागतो.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्रामाशी झालेला करार पाहा. त्या काळी जनावरे दुभंगून समोरासमोर मांडीत आणि करार करणारे त्यांमधून चालत जात. शब्द मोडला तर आपलीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ असे. येथे मात्र अब्रामाला गाढ झोप लागली आहे आणि त्या तुकड्यांमधून जाते ती केवळ धुमसती भट्टी आणि जळती मशाल. म्हणजे देवाने प्रथम स्वतःला बांधून घेतले. मग माणसाकडे काहीच उरत नाही काय? उरते; पण ती किंमत नव्हे, तो प्रतिसाद आहे. पतीने आणून दिलेल्या साडीच्या बदल्यात पत्नी एकनिष्ठ राहत नाही आणि सुग्रास जेवणाच्या मोबदल्यात पती एकनिष्ठ राहत नाही. विवाहाच्या वेदीपुढे सुखात आणि दुःखात असे दोन्ही शब्द उच्चारावे लागतात, ते याचसाठी. होशेय संदेष्ट्याने देव आणि त्याची प्रजा यांचे नाते विवाहाच्याच भाषेत मांडले, हे विसरता कामा नये.

"मग नवस शास्त्रात नाही काय?" असे कोणी विचारील. अवश्य आहे. अन्नवस्त्र मिळाले आणि सुखरूप परत आलो तर तू माझा देव, असे याकोब बेथेलला बोलला. परंतु अनेक वर्षांनी पनुएलला त्याने देवाशी झुंज घेतली, तेव्हा त्याने अन्नवस्त्र मागितले नाही. आशीर्वाद मागितला आणि लंगडत का होईना, नवे नाव घेऊन तो निघाला. हन्नाने पुत्र मागितला आणि मिळालेला पुत्र देवालाच अर्पण केला. नवसापासून सुरुवात करण्यात पाप नाही. आयुष्यभर तेथेच थांबणे ही दुर्दशा आहे.

श्रद्धा कमी पडली म्हणणाऱ्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे. त्याचे मित्रही हेच सांगत होते: दुःख आले, तेव्हा दोष तुझाच. शेवटी देवाने ठपका ठेवला तो या मित्रांवर. आपल्याविषयी यथार्थ बोलला तो तक्रार करणारा ईयोबच, असा निर्वाळा त्याने दिला. देवाशी भांडणे हा निष्ठेचा भंग नव्हे. अबोला धरून निघून जाणे हा भंग आहे.

आणि ठाणेकरांनी तरी हा धडा दूर शोधण्याचे कारण नाही. होर्मुझहून कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन १३२१ साली वाऱ्यामुळे ठाण्याला लागले आणि एका ख्रिस्ती घरी उतरले. त्या घरातील पतिपत्नींचे भांडण काजीपुढे गेले आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावे पुढे आली. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि बंधू दिमित्री यांना ९ एप्रिलला मरण आले. सिएनाचे पीटर सामान राखण्यासाठी मागे राहिले होते. त्यांना धरून नेले आणि विश्वास सोडल्यास मोठमोठे लाभ देऊ केले, असे फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक यांनी लिहून ठेवले आहे. ११ एप्रिलला तेही गेले. देवाशी त्यांचा व्यवहार असता, तर अधिक चांगला देकार आल्यावर तो मोडायला काय हरकत होती? परंतु ज्याने आपल्यासाठी क्रूस पत्करला, त्याला सोडून काय मिळवायचे, हे त्यांना कळले होते.

आपल्यापुढे तलवार नाही; पहाटेची लोकल, घराचे हप्ते आणि मुलांच्या परीक्षा आहेत. निष्ठा येथेच पाळायची आहे. काही मागायचे नसेल त्या रविवारीही मिस्सेला जावे. रात्री कुटुंबाने मिळून रोझरी म्हणावी. थकवा असेल तर एकच दशक म्हणावे. मागणे अमान्य झाले तर तक्रार वेदीपुढेच करावी. माहीमला अवश्य जावे; पण एखाद्या बुधवारी रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या यादीने जाऊन मातेजवळ नुसते बसावे. देवाने आपल्याशी केलेल्या करारावर मुदत लिहिलेली नाही. आपणही ती लिहू नये.