मागच्या चाकांचा अस्सल कागद

१/
जुन्या स्कायलाइन जीटी-आरच्या खालून काढलेला एक तेलकट दंडगोल जगभरच्या अनेक गॅरेजांत कोपऱ्यात पडलेला असतो. त्याच्या जागी गाडीला एक साधी लोखंडी पट्टी बसवलेली असते. तिला ‘लॉक बार’ म्हणतात. दंडगोलाचे काम मागची चाके किंचित वळवण्याचे. पट्टीचे काम ती कायमची सरळ धरून ठेवण्याचे. पट्टी स्वस्त पडते, एका दिवसात बसते आणि तेलगळतीची कटकट संपते. या धाग्याचा विषय तो कोपऱ्यातला दंडगोल आहे, आणि पक्षही त्याचाच आहे.

२/
मराठी इतिहासाच्या वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद सांगावा लागत नाही. मोटारींच्या इतिहासातही बखरी असतात. ‘फोर-व्हील स्टीअरिंग’विषयीची सर्वांत लोकप्रिय बखर अशी: ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये पैसा उतू जात होता, कंपन्यांना तो कुठे घालवावा हे सुचेना, म्हणून त्यांनी मागची चाकेही वळवून दाखवली, फुगा फुटला आणि खेळ आटोपला.

३/
कथा चटकदार आहे, पण तिथी जुळत नाहीत. निसानची पहिली ‘हायकॅस’ यंत्रणा ऑगस्ट १९८५ मध्ये सातव्या पिढीच्या स्कायलाइनवर, म्हणजे आर३१ वर, विक्रीला आली. येनचे मूल्य वाढवणारा प्लाझा करार झाला २२ सप्टेंबर १९८५ रोजी. त्यानंतर स्वस्त कर्जे आली, जमिनीचे भाव भडकले आणि निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी शिखराला पोहोचला. गाडी बाजारात येण्याआधीची संशोधनाची वर्षे धरली, तर यंत्रणेचे मूळ फुग्याच्या बरेच अलीकडे नव्हे, पलीकडे जाते. माझदानेही मागची चाके वळवणारी ‘एमएक्स-०२’ ही प्रायोगिक गाडी १९८३ सालीच दाखवली होती. परिणाम आधी आणि कारण नंतर, असा हा सरळसरळ कालविपर्यास आहे.

४/
पैशाचा काहीच संबंध नव्हता असे मात्र नाही. १९८७ ते १९९० या अल्पकाळात होंडा, माझदा, मित्सुबिशी आणि निसान यांनी चार वेगवेगळ्या रीतींनी हीच गोष्ट विक्रीच्या गाड्यांवर आणली. हा वेग सुबत्तेशिवाय शक्य नव्हता. पैशाने प्रसार केला. प्रश्न मात्र पैशाने निर्माण केला नव्हता.

५/
तो प्रश्न समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. चालक स्टीअरिंग फिरवतो तेव्हा आधी फक्त पुढची चाके वळतात. पुढचे टायर बाजूला ओढू लागतात, गाडीचे तोंड फिरते, आणि मग कुठे मागच्या टायरना तिरकेपणा मिळून तेही बाजूचा जोर लावू लागतात. या दोन घटनांमध्ये एक सूक्ष्म विलंब असतो. बाजारातून जाताना तो जाणवतही नाही. महामार्गावर वेगात लेन बदलताना हाच विलंब गाडीच्या शेपटीला हिसका देतो. मागची चाके त्याच दिशेने किंचित वळवली, तर मागचे टायर वाट न पाहता कामाला लागतात. सगळा खटाटोप या निमिषभरासाठी होता.

६/
उत्तरे वेगवेगळी निघाली आणि ती तुलना करून पाहण्यासारखी आहेत. १९८७ च्या होंडा प्रिल्यूडमध्ये ना संगणक होता ना तेलाचा दाब. पुढच्या स्टीअरिंगपासून एक लांब दांडा मागे जाई आणि तिथल्या दातेरी चक्रांच्या पेटीत गणित सोडवले जाई. स्टीअरिंग थोडे फिरवले की मागची चाके त्याच दिशेने, जास्तीत जास्त दीड अंश. आणखी फिरवले की पुन्हा सरळ. पूर्ण फिरवले की उलट दिशेने, पाच अंशांहून थोडी अधिक. तर्क असा, की भरधाव वेगात कुणी स्टीअरिंग पूर्ण फिरवत नाही आणि पार्किंगमध्ये कुणी थोडेसे फिरवून थांबत नाही. म्हणजे वेग मोजण्याची गरजच नाही. गेल्या पन्नास वर्षांतल्या देखण्या यांत्रिक युक्तिवादांत याची गणना व्हायला हरकत नसावी.

७/
निसानची वाट निराळी. आर३१ वर चाके स्वतंत्रपणे वळतच नसत; मागचे सस्पेन्शन ज्या आडव्या चौकटीवर बसवलेले असे, ती चौकटच तेलाच्या दाबाने तिच्या रबरी बुशांमध्ये ढकलली जाई. फरक अवघा अर्ध्या अंशाचा. १९८९ साली आर३२ बरोबर आलेल्या ‘सुपर हायकॅस’ने चाके थेट टाय रॉडने वळवली, तीही दोन पावलांत: क्षणभर उलट दिशेला, म्हणजे तोंड चटकन आत यावे, आणि लगेच त्याच दिशेला, म्हणजे शेपूट स्थिर व्हावी. कमाल मर्यादा सुमारे एक अंश.

८/
हा एक अंश डोळ्यांपुढे आणायचा तर हिशेब करावा. चाकाच्या वळण्याच्या आसापासून १० सेंटीमीटरवर टाय रॉड जोडलेला आहे असे समजू. एक अंशासाठी त्याचे टोक जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकावे लागते. आता बॉल जॉइंट झिजून त्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली, तर चाक कुणाच्याही आज्ञेवाचून पाव अंशाहून जास्त इकडेतिकडे डुलणार. जी यंत्रणा एका अंशात बोलते, तिच्या बोलण्यात एवढा गोंगाट!

९/
इथेच दुसऱ्या बखरीचा उगम सापडतो. ‘हायकॅसमुळे गाडीची शेपूट भरवशाची राहत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते पुराव्यावाचून सिद्ध मानले जाते. पण हे लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी नव्या बॉल जॉइंटची आणि न गळणाऱ्या सिलिंडरची गाडी चालवली होती? अमेरिकेत तर २५ वर्षांच्या आयात-नियमामुळे आर३२ रीतसर पोहोचू लागली ती २०१४ पासून. तिथल्या बहुतेकांची पहिली भेट म्हाताऱ्या यंत्रणेशी झाली. जराजर्जर साक्षीदाराची अडखळती जबानी ऐकून त्याच्या तारुण्याविषयी निकाल देण्याचा हा प्रकार आहे.

१०/
म्हणूनच पुनर्बांधणी हे केवळ मेकॅनिकचे काम उरत नाही. ते काम क्रमाने पाहिले, तर त्यात पाठचिकित्सेची सगळी शिस्त दिसते. सुटे करण्याआधी दोन्ही टाय रॉडांची लांबी मोजून लिहून ठेवायची, नाहीतर जोडताना मूळ स्थिती कुणाला आठवणार? तेलाच्या नळ्या सोडवल्या की त्यांची तोंडे तत्काळ बंद करायची. धुळीचा एक कण व्हॉल्व्हचे काम बिघडवू शकतो. नळ्यांचे नट गंजून धरलेले असतात. घाई केली की नळीच पिळवटते, आणि मग ती नवी वाकवून घेण्याला पर्याय राहत नाही.

११/
सिलिंडर बाहेर आला की खरे वाचन सुरू होते. रबरी बूट फाटला असेल तर पाणी कुठून शिरले ते कळते. आतल्या दांड्यावर बोट फिरवले की गंजाचे खड्डे लागतात. असा दांडा तसाच ठेवून नुसते नवे ऑइल सील घालणे व्यर्थ. खड्ड्याची कड त्या सीलला पुन्हा कापणार. गळती सीलमधून दिसते, पण दोष दांड्यात असतो.

१२/
आणि मग समोर येतात मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंगा. त्या कमालीच्या ताठ असतात आणि दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे योग्य हत्याराशिवाय त्या सोडवणे धोक्याचे. पण त्यांचा ताठपणा पाहून थबकावे असे आहे. तेलाचा दाब गेला, नळी फुटली किंवा संगणक बंद पडला, तरी या स्प्रिंगांनी चाके सरळ करायची असतात. म्हणजे चाके वळवण्याइतकाच विचार, ती वळू न देण्याचाही केला गेला होता. स्वतःच्या कल्पनेविषयी अभियंत्यांना वाटलेली धास्ती जाहिरातीत सापडत नाही. ती इथे पोलादात कोरलेली आहे. चैनीच्या खेळण्यात असली धास्ती कोण भरून ठेवतो?

१३/
लॉक बारवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. रेसट्रॅकवर चालकाला गाडीने दर वेळी तेच करावे एवढीच अपेक्षा असते. तिथे पट्टी शहाणपणाची आहे, शिवाय वजनही घटते. झिजलेली यंत्रणा तशीच ठेवून रस्त्यावर फिरण्यापेक्षा पट्टी केव्हाही बरी. तक्रार बसवण्याविषयी नाही. काढलेली वस्तू भंगारात घालण्याविषयी आहे. जुन्या दप्तराची अडगळ होते म्हणून ते रद्दीत घालणाऱ्या वाड्यांच्या कहाण्या मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत.

१४/
आणखी एक आक्षेप असतो: सील नवे, बूट नवे, बॉल जॉइंट नवे, मग जुने उरले काय? उरतो तो संबंध. कोणता भाग कोणाला ढकलतो, किती ढकलतो, कुठे थांबतो, हा मजकूर. कागदाला मागून अस्तर लावले म्हणून पत्र बनावट ठरत नाही. मात्र बदललेला प्रत्येक भाग नोंदवून ठेवला पाहिजे, आणि हीच शिस्त बहुतेक गॅरेजांत सर्वांत दुबळी असते. नोंद नसलेली पुनर्बांधणी म्हणजे न सांगता घुसडलेले क्षेपक.

१५/
खेळ आटोपला, हे बखरीचे अखेरचे वाक्यही टिकत नाही. निसानने तेलाऐवजी विजेच्या मोटरीवर ही यंत्रणा नेली आणि आर३४ जीटी-आरचे उत्पादन २००२ साली थांबेपर्यंत ती चालवली. पोर्शेने २०१३ च्या ९११ जीटी३ वर मागची चाके वळवली, तीही ट्रॅकवर पळवण्यासाठीच घेतल्या जाणाऱ्या गाडीवर. २०२० च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती दहा अंशांपर्यंत वळू लागली.

१६/
जोडणी पूर्ण झाली की नळ्यांतली हवा काढावी लागते. बुडबुडे राहिले तर दाब स्पंजासारखा दबतो आणि तो एक अंश त्यातच विरून जातो. मग चारही चाकांचे अलाइनमेंट. शेवटी इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा ‘हायकॅस’ दिवा क्षणभर पेटतो. तो विझला, तर यंत्रणेला स्वतःत दोष सापडलेला नाही. बदललेले जुने सील आणि बॉल जॉइंट तारखेची चिठ्ठी लावून एका डब्यात ठेवावेत, आणि तो डबा गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या मालकाकडे द्यावा.