रत्नागिरीची ‘गुलाबी’ थंडी, बधिर पाय आणि गरम पाण्याची पिशवी: मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर घरात ऊब कशी मिळवायची?

थंडीपेक्षा थंडीवरचा घरगुती उपाय जास्त घातक ठरू शकतो. नेमकं कसं, आणि त्याऐवजी काय करावं? समजून घ्या.

डिसेंबर उजाडला आणि पहाटेचा पारा उतरला की रत्नागिरीतला आंबा बागायतदार सुखावतो. थंडी पडली तर हापूसच्या कलमांना मोहोर चांगला धरतो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बाकीच्यांसाठी ही थंडी ‘गुलाबी’. एक गोधडी, एक शाल आणि सकाळचा कडक चहा, एवढ्यावर भागतं.

पण याच जिल्ह्यात काही घरांत अशी माणसं आहेत ज्यांच्या पायांना ही थंडी जाणवतच नाही. कुणी झाडावरून पडलेलं असतं, कुणी महामार्गावरच्या अपघातात सापडलेलं, कुणी बांधकामाच्या परातीवरून कोसळलेलं. उंचावरून पडणं आणि रस्ते अपघात ही भारतात मज्जारज्जूच्या दुखापतीची दोन मोठी कारणं आहेत. नारळ, सुपारी आणि आंब्यावर चढून पोट भरणाऱ्या जिल्ह्याला यातलं पहिलं कारण वेगळं समजावून सांगायला नको.

अशा घरात थंडीच्या रात्री काय होतं? आई मुलाच्या पायाला हात लावते. पाय बर्फासारखे गार. जीव कळवळतो. ती पाणी तापवते, रबरी पिशवीत भरते, पायाशी ठेवते आणि वर गोधडी टाकते. मुलाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे तो तक्रार करत नाही. सकाळी पांघरूण काढल्यावर पोटरीवर फोड दिसतो.

यात चूक मायेची नाही, माहितीची आहे. ती माहिती अशा प्रत्येक घराला मिळणं हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

शरीरात नेमकं काय बिघडतं?

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची हाडं. त्यांच्या आतून जाणारी मज्जातंतूंची जाड दोरी म्हणजे मज्जारज्जू. मेंदू आणि शरीर यांच्यातली ही मुख्य वायरिंग. दुखापत झाली की त्या जागेच्या खालचे निरोप वर जात नाहीत आणि वरचे हुकूम खाली पोहोचत नाहीत.

एसीचं उदाहरण घ्या. खोलीतला सेन्सर तापमान सांगतो आणि त्यानुसार यंत्र चालू-बंद होतं. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग हेच काम करतो. थंडी वाजली की तो तीन गोष्टी करतो: त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसवतो, स्नायूंना थरथरायला लावून उष्णता तयार करतो आणि आपल्याला पांघरूण ओढायला भाग पाडतो.

दुखापतीच्या खाली यातलं काहीच नीट होत नाही. थंडीची खबर वर जात नाही, रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत आणि लकवा झालेले स्नायू हुडहुडीत सामील होत नाहीत. दुखापत जितकी वर, तितका शरीराचा मोठा भाग या यंत्रणेतून बाहेर पडतो. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात दुखापत असेल तर शरीराचं तापमान बरंचसं भोवतालच्या हवेवर अवलंबून राहतं. मे महिन्यात हेच उलट होतं. दुखापतीखाली घाम नीट येत नाही आणि शरीर तापतं.

‘रत्नागिरीत थंडी कसली?’

हा प्रश्न हमखास येतो. रत्नागिरी शहरात जानेवारीतलं सरासरी किमान तापमान साधारण १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणवणाऱ्या दापोलीत पारा त्याहून बराच खाली उतरतो.

हवामान विभागाचे निकष पाहिले की खरी अडचण कळते. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आल्यावर थंडीच्या लाटेचा विचार सुरू होतो. किनारपट्टीवर त्यासाठी पारा १५ अंश किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असावा लागतो. म्हणजे रत्नागिरीत पहाटे १७ अंश असताना मोबाइलवर कोणताही इशारा येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत घरातलं तापमान किमान १८ अंश ठेवण्याची शिफारस केली आहे आणि अशक्त व्यक्तींसाठी ते याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलं आहे. ही शिफारस प्रामुख्याने थंड आणि समशीतोष्ण देशांसाठी आहे. तरीही ज्याचं शरीर स्वतःला गरम ठेवू शकत नाही, त्याच्यासाठी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. कौलांच्या फटींतून वारा येणाऱ्या, चिऱ्याच्या भिंतींच्या घरात पहाटेचं तापमान १८ च्या खाली जाणं अशक्य नाही.

इशारा निघाला नाही म्हणून धोका नाही, असं मानू नका.

खरा धोका: ‘शेक’

१९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी किती तापमानाला किती वेळात त्वचा भाजते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाजण्याविषयीच्या सुरक्षा नियमांत त्याचा आधार आजही घेतला जातो. त्यानुसार ४४ अंशांच्या उष्णतेशी सलग सुमारे ६ तास संपर्क राहिला तरी त्वचेला इजा होते. ६० अंशांना काही सेकंद पुरतात.

४४ अंश म्हणजे हाताला सुखद गरम वाटणारं तापमान. चुलीवरून उतरवलेलं पाणी याच्या कितीतरी वर असतं. संवेदना असलेला माणूस झोपेतही पाय बाजूला घेतो. मज्जारज्जूची दुखापत झालेल्याला चटका कळत नाही आणि कळला तरी पाय हलवता येत नाही. शिवाय त्या भागातलं रक्ताभिसरण मंद असल्याने उष्णता एकाच जागी साठते.

ही जखम लवकर भरत नाही. त्याच बाजूवर बसायचं आणि झोपायचं असल्याने ती चिघळते आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवू शकते. मग व्हीलचेअर सुटते, काम सुटतं, बाहेर जाणं सुटतं. एका रात्रीच्या उबेची एवढी किंमत मोजावी लागते.

गरम पाण्याची पिशवी एकटीच दोषी नाही. विजेचा हीटिंग पॅड, तव्यावर तापवलेल्या फडक्याचा किंवा विटेचा शेक, चुलीसमोर पाय पसरून बसणं, मांडीवर धरलेला चहाचा कप, मांडीवरचा लॅपटॉप, अंथरुणात चार्जिंगला लावलेला मोबाइल, या सगळ्यांचा धोका सारखाच.

तर नियम सोपा आहे: जिथे संवेदना नाही तिथे उष्णता थेट लावायची नाही. टॉवेल गुंडाळूनही नाही, ‘पाचच मिनिटं’ म्हणूनही नाही.

मग ऊब द्यायची कशी?

अंगाला तापवू नका, अंगाची ऊब बाहेर जाऊ देऊ नका. उपाय निवडताना एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खोली: खाट बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून लांब सरकवा. कौलांखाली ताडपत्री किंवा साधं छत लावलं तरी वरून येणारा वारा थांबतो. दाराखालची फट फडक्याने बुजवा. जमिनीवर झोपण्याची वेळ आलीच तर गादीखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई हवी. भिंतीवर एक साधा तापमापक लावा, काही शे रुपयांत मिळतो.

कपडे: एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. कानटोपी आणि मोजे हवेतच. मोज्याचं इलॅस्टिक घट्ट नको, शिवण बोचरी नको. अंगाखाली कपड्याची किंवा गोधडीची घडी राहू देऊ नका, त्या जागी दाबाने जखम होते. लघवीने कपडे ओले झाले तर लगेच बदला. ओलं कापड ऊब खेचून घेतं आणि त्वचाही नरम करतं.

अंथरूण: गरम पाण्याची पिशवी वापरायचीच असेल तर माणूस झोपण्याआधी अंथरुणात ठेवा. अंथरूण उबदार झालं की पिशवी बाहेर काढा. मग हाताने चाचपून बघा आणि नंतरच माणसाला झोपवा.

अंघोळ: बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि नीट ढवळा. पाणी ३७ ते ३८ अंशांच्या आसपास पुरे. तापमापक नसेल तर संवेदना असलेल्या माणसाने कोपर बुडवून पाहावं. मानेच्या दुखापतीत बोटंही बधिर असतात, त्यामुळे रुग्णाच्या हातावर विसंबू नका. पाणी तापवायचा रॉड वापरत असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करूनच न्हाणीघराबाहेर या.

हीटर: गरज पडली तर उघड्या कॉइलपेक्षा ऑइल हीटर बरा. तो माणसापासून किमान ३ फूट लांब ठेवा आणि त्याचं तोंड पायांकडे करू नका. व्हीलचेअरचे धातूचे भागही तापतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि पळून जाता न येणाऱ्या माणसासाठी तो दुप्पट घातक.

पाणी: थंडीत तहान कमी लागते आणि लघवीला त्रास नको म्हणून काही जण मुद्दाम पाणी कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, कॅथेटर तुंबू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण हिवाळ्यातही पाळा.

रोजची तपासणी: सकाळ-संध्याकाळ त्वचा बघा. टाचा, घोटे, माकडहाड, मांड्यांची मागची बाजू. स्वतः तपासायचं असेल तर लांब दांड्याचा आरसा वापरा.

दवाखान्यात कधी धावायचं?

शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ फॅरेनहाइटच्या खाली गेलं तर तो हायपोथर्मिया. माणूस सुस्त होतो, बोलणं अडखळतं, गोंधळतो. पाऱ्याच्या जुन्या थर्मामीटरची पट्टी साधारण ३५ अंशांपासूनच सुरू होते. त्यामुळे खाली गेलेलं तापमान त्यावर दिसतच नाही. घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. ओले कपडे काढा, कोरडी पांघरुणं घाला, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर कोमट पेय द्या आणि १०८ ला फोन करा. अशा वेळीही शेक देऊ नका.

दुसरा धोका छातीच्या मधल्या भागाच्या वर, म्हणजे सहाव्या छाती-मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर दुखापत असलेल्यांना. बधिर भागात भाजलं, कपडा आवळला किंवा मूत्राशय भरलं की रक्तदाब एकदम उसळू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वर घाम फुटतो. ‘थंडीने डोकं दुखतंय’ म्हणून झोपवू नका. आधी उठून बसवा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा, रक्तदाब मोजा. लक्षणं लगेच ओसरली नाहीत तर तातडीने रुग्णालय गाठा.

हे सांगायचं कुणी?

मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. खडकीत जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईचं नीना फाउंडेशन मज्जारज्जूच्या दुखापतग्रस्तांसाठी काम करतं, आणि रत्नागिरीतही पॅराप्लेजिक व्यक्तींची स्वतःची संस्था उभी आहे. म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे. प्रश्न ते संगमेश्वर किंवा राजापूरच्या वाडीतल्या त्या आईपर्यंत पोहोचण्याचा आहे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. रुग्ण घरी जाताना औषधांच्या यादीसोबत मराठीत एक पान हवं: शेक नको, पाणी तपासा, त्वचा बघा, ही लक्षणं दिसली तर या नंबरवर फोन करा. ते पान वाचून दाखवणारं माणूस हवं. घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना हेच चार प्रश्न हिवाळ्याच्या तोंडावर विचारता आले पाहिजेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. हक्काची भाषा प्रमाणपत्र आणि सवलतीपाशी थांबू नये. सुरक्षित झोपही त्यात येते.

घरच्यांनीही एक गोष्ट करावी. ज्याला दुखापत झाली आहे त्यालाच या नियमांचा जाणकार बनू द्यावं. पाय त्याचे आहेत. ‘पाणी बघितलंस का?’ हा प्रश्न त्याने विचारला तर तो हट्ट नाही, खबरदारी आहे.

आज रात्री पाय गार लागले तर पिशवी भरण्याआधी मोजे शोधा.