एका तुळईची खोलीभर जमीन

पुण्यातल्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत हल्ली 'वुडन फ्लोअरिंग' हे शब्द सर्रास दिसतात. पुष्कळदा त्यात लाकूड नावापुरतेच असते. दाबून केलेल्या भुशाच्या तक्त्यावर छापील कागद, आणि कागदावर सागाच्या रेषांचा फोटो! याच वेळी जिल्ह्यातल्या खेड्यांत वाडे पडतात आणि त्यांचा खराखुरा साग घनफुटाच्या भावाने ट्रकमध्ये चढतो. खरे विकायचे आणि त्याचे छायाचित्र विकत घ्यायचे, हा व्यवहार बँकेत आयुष्य काढलेल्या मला कुठल्याच खात्यात बसवता येत नाही.

शिरूर तालुक्यातले आमचे वडगाव रासाई भीमेच्या बाजूचे. नदीपलीकडे दौंड तालुका. या पट्ट्यातली जुनी घरे म्हणजे जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचे माळवद. माडीची जमीनही अशीच. फळ्यांवर माती, मातीवर शेणाचे सारवण. तेव्हा 'लाकडी जमीन म्हणजे साहेबी थेर' हा आक्षेप मला मान्य नाही. कडीपाट हा शब्द आपलाच आहे.

उसाचा पैसा आला, स्लॅबची घरे झाली, ते योग्यच झाले. गळक्या माळवदाखाली चार महिने काढलेल्या बायकांना वाड्याचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण वाटणीत जमीन गुंठ्यागुंठ्याने मोजली जाते, विहिरीच्या पाळ्या तासांवर ठरतात, आणि लाकूड मात्र मोडीत जाते. माझे म्हणणे एवढेच, की घर पडणारच असेल तर एखादी तुळई घरात राहू द्या. ती पातळ चिरून एका खोलीची जमीन करा.

पातळच का? हिशेब करून पाहा. १० फूट लांब, ८ इंच चौरस तुळई घ्या. वरचा खराब भाग काढला की ७ इंच उरतात. इंचभर जाड फळ्या काढल्या तर सहा निघतात. जेमतेम ३५ चौरस फूट. ८ मिलिमीटरच्या काढल्या, तर करवतीने खाल्लेले वजा जाता चौदा. म्हणजे ८० चौरस फूट. तुटफूट धरली तरी एक लहान खोली बहुतेक झाकली जाते. पातळ फळीला वजन पेलायचे नसते. ते काम खालचा स्लॅब करतो.

मात्र पातळ लाकूड हलगर्जीपणा सोसत नाही. तळमजल्याच्या फरशीवर प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून दोन दिवस ठेवा. खाली दव धरले, तर तिथे लाकूड नको. काळ्या रानात, उसाच्या पाण्याशेजारी ही शंका नेहमीच धरावी. माडीवरची खोली उत्तम. मी आमच्या घरी तीच निवडली. सॉ मिलमध्ये नेण्यापूर्वी तुळईवरून चुंबक फिरवून जुने खिळे शोधावेत, नाहीतर पाते तुटते. जुना तैलरंग असेल तर त्यात शिसे असू शकते. कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नये. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण बाहेरचा फिकट भाग तिला आवडतो. तो काढून टाकावा.

आमचे सुतारमामा म्हणाले, "तात्या, लाकडाला आधी खोलीची सवय होऊ द्या. पंधरा दिवस फळ्या नुसत्या पडून राहू देत." यात शहाणपण आहे. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते, लांबीत फारसे नाही. म्हणून पातळ फळी मधोमध चिरून अरुंद करावी, सपाट प्लायवर पूर्ण चिकटवावी आणि भिंतीलगत बोटभर फट सोडून ती पट्टीने झाकावी. वर बेलतेलाचे हात द्यावेत. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावीत. आणि बादलीभर पाणी ओतून जमीन धुण्याची सवय या खोलीपुरती सोडावी.

आता दुसरी बाजू. शहरात जुन्या सागाची हौस वाढली, की खेड्यातला उभा वाडाही व्यापाऱ्याला लाकडाचा ढीग दिसू लागतो. दुरुस्तीने वाचेल असा वाडा कुणाच्या दिवाणखान्यासाठी पडू नये. लाकूड एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे वाईट नव्हे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आणून उभारले आहेत. फरक इतकाच, की तिथे ते कुठून आले हे पाहणाऱ्याला कळते. वखारीत घेतलेल्या तुळईला गाव नसते.

म्हणून जुने लाकूड विकत घेणाऱ्याने भाव विचारण्याआधी 'कुठला वाडा, का पाडला?' हे विचारावे. आणि ज्यांच्या स्वतःच्या घराची तुळई आहे त्यांनी चिकटवण्यापूर्वी एका फळीच्या पाठीवर गावाचे नाव आणि साल पेन्सिलीने लिहावे. पुढे कधीतरी ती उचकटणाऱ्या माणसाला तेवढे समजायला हवे.