घड्याळाची पुष्पिका

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या आजोबांचें मनगटी घड्याळ घेऊन आमच्याकडे आला. घड्याळ ओमेगा कंपनीचें, हातानें किल्ली द्यावयाचें. वडिलांच्या पंचाहत्तरीस तें त्यांच्या हातीं द्यावें, व तत्पूर्वीं तबकडी नव्यानें रंगवून घ्यावी, असा त्याचा मनोदय होता. "सर, १९४२ च्या चळवळींत आजोबा तुरुंगांत गेले, तेव्हां हेंच त्यांच्या हातांत होतें," असें तो अभिमानानें म्हणाला.

आम्ही कांहीं घड्याळजी नव्हे. पण पोथ्यांच्या सहवासांत पुष्कळ काळ गेल्यामुळें जुन्या वस्तूचें वय कसें काढावें, हें थोडेंबहुत कळतें. पोथीचा काळ मालकाच्या सांगण्यावरून ठरवीत नाहींत. कागद, अक्षरांचें वळण व अखेरची पुष्पिका पाहून ठरवितात. घड्याळाचेंहि तसेंच आहे. ओळखीच्या घड्याळजीकडून आम्हीं मागील झाकण उघडविलें. झाकणाच्या आंतला आंकडा घडणीचा प्रकार सांगतो. जन्मकाळ सांगतो तो यंत्रावर कोरलेला क्रमांक. ओमेगाचे हे क्रमांक १९३५ च्या सुमारास ८० लक्षांवर, १९४४ च्या सुमारास १ कोटीवर व १९४७ च्या सुमारास १ कोटि १० लक्षांवर गेले होते. एकदोन वर्षांचा फरक धरावा. हा क्रमांक १ कोटि १० लक्षांच्याहि किंचित् पुढचा निघाला. म्हणजे १९४२ सालीं हें घड्याळ जन्मासच आलें नव्हतें! विद्यार्थ्याचा चेहरा उतरला.

तबकडी मात्र मूळचीच होती. अक्षरें रेखीव, मिनिटांच्या रेघा सारख्या, व तळाशीं स्वित्झर्लंडची बारीक अक्षरें शाबूत. पुन्हा रंगविलेल्या तबकडीवर अक्षरें जाड व वांकडीं येतात, रेघा एकमेकींवर चढतात. पोथींतील मजकूर खोडावयास हरताळ फांसीत. तबकडी रंगविणें म्हणजे मूळ पाठावर हरताळ फांसणेंच होय. कवच घांसून चकचकीत केल्यास कडा बोथट होतात व सोन्याचे छाप पुसट होतात, तेंहि टाळावें.

दुसरें कारण याहून गंभीर आहे. त्या काळीं अंधारांत चकाकणाऱ्या आंकड्यांवर बहुधा रेडियमचा लेप असे. चकाकी गेली तरी रेडियम जात नाहीं. त्याचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. १९२० च्या दशकांत अमेरिकेंत असल्या तबकड्या रंगविणाऱ्या कित्येक तरुणी या लेपानेंच प्राणास मुकल्या. तेव्हां असें घड्याळ घरीं उघडूं नये, व तो लेप खरवडावयास कोणा गरीब कारागिरास सांगूं नये. पुढें १९६० नंतर ट्रिटियम आलें. तशा तबकडीच्या तळाशीं 'टी' हें अक्षर असतें. १९४७ च्या म्हणून विकावयास आणलेल्या घड्याळावर तें दिसलें, तर तबकडी मागाहून बसविली असें समजावें.

निगा सोपी आहे. रोज ठराविक वेळीं किल्ली द्यावी. अडली कीं थांबावें. पाणी, घाम व पावसाळी हवा यांपासून जपावें. चारपांच वर्षांनीं जाणत्या कारागिराकडून साफ करवून तेल घालवावें; वाळलेल्या तेलावर चालणारें यंत्र स्वतःलाच झिजवितें. एकाएकीं फार पुढें जाऊं लागलें, तर लोहचुंबकाचा संसर्ग झाला कीं काय, तें पाहवावें.

राहिला प्रश्न वडिलांस काय सांगावें, हा. विद्यार्थी म्हणाला, "सांगितलेंच नाहीं तर?" आम्हीं म्हटलें, "बाबा रे, क्रमांक पुसतां येत नाहीं. आज ना उद्यां कोणी तरी झाकण उघडील." त्यानें सर्व सांगितलें. वडील बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले व म्हणाले, "अण्णा स्वतः तसें कधींच म्हणाले नव्हते. आम्हां मुलांनींच तें जोडलें."

तुरुंगवास खरा होता. घड्याळहि खरें होतें. दोहोंचा सांधा तेवढा खोटा होता, तो निघाला. तबकडी रंगविली नाहीं. वडील आतां रोज सकाळीं स्नान झाल्यावर तिला किल्ली देतात, असें कळतें.