पिंजऱ्याचें भय

गेल्या महिन्यांत आम्ही मिहानांत कन्येच्या बिऱ्हाडीं गेलों, तों नातवाचा कॉकॅटील पक्षी पडद्याच्या दांडीवर, आणि खालीं नातू पंचा घेऊन उभा!

"आजोबा, हा पिंजऱ्यांत जातच नाहीं हो!"

"आंत गेल्यावर तूं काय करतोस?"

"दार लावून शाळेंत जातों."

निदान झालें. पिंजरा म्हणजे दिवसभराचा एकांतवास, हें पाखरानें ओळखिलें होतें.

आम्ही पंचा काढून घेतला. खिडक्या व पंखा बंद केला. बाहेर दाणा देणें थांबवून राळ्याचें कणीस पिंजऱ्यांत टांगिलें. पक्षी आंत गेला तरी दार उघडेंच ठेविलें. पुढें क्षणभर लावून लगेच उघडिलें. आठव्या दिवशीं तो आपण होऊन आंत जाऊं लागला.

नातू हर्षानें म्हणाला, "आतां हिरवा राघूही आणूं!" आम्ही साफ नकार दिला. कॉकॅटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपला राघू मात्र वन्य पक्षी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यास पाळणें गुन्हा आहे. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील शुकही शूद्रक राजासमोर पिंजऱ्यांतून येतो, तो व्याधानें पिता मारल्याची कथा सांगावयास!

कोणा वाचकाकडे राघू असेल, तर त्यांनीं तो एकाएकीं सोडूं नये. माणसाळलेलें पाखरूं रानांत तग धरीत नाहीं. नागपुरांत सेमिनरी हिल्सवर वनविभागाचें उपचारकेंद्र आहे, तेथें तो सोंपवावा.

नातू रुसला खरा. परंतु सायंकाळीं गच्चीवरून राघूंचा थवा घरट्यांकडे परततांना दिसला, आणि तो स्वतःच मोजूं लागला.