मास्तरांची खिडकी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला दोन दिवस उरले असताना मास्तरांच्या घरी चाकांचा एसी आला. तो बघायला अख्खी अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर चढली. मास्तर म्हणजे तिथले निवृत्त शिक्षक. मागच्या उन्हाळ्यात स्लॅब थंड राहावा म्हणून त्यांनी गच्चीला चुना मारला आणि खाली उभ्या असलेल्या तीन स्कूटरही पांढऱ्या करून ठेवल्या. यंदा भिंत फोडायची नाही, बाहेर काही टांगायचे नाही, बसाल तिथे ढकलत न्या, असे दुकानदाराने सांगितले होते. त्या खोक्याच्या पाठीला हत्तीच्या सोंडेसारखा एक जाडजूड पाइप असतो आणि तो खिडकीतून बाहेर काढावा लागतो, हे बिल फाडून झाल्यावर कळले.

चंद्रपुरातल्या फ्लॅटमध्ये मोकळी खिडकी कुठून आणायची? हॉलच्या खिडकीत कूलर. बेडरूमच्या खिडकीत दुसरा कूलर. स्वयंपाकघराच्या खिडकीला माकडांपायी जाळी ठोकलेली. शेवटी बेडरूमचा कूलर उतरवला आणि तिथे सोंड बसवली. तिच्या भोवती हातभर भगदाड उरले. "अजी, हे कोण बुजवणार?" असे मास्तरीणबाईंनी विचारले, तेव्हा मास्तरांनी थर्माकोल, पुठ्ठा आणि मागच्या वर्षीचे कॅलेंडर चिकटपट्टीने लावून टाकले. रामनवमीचे पान आतल्या बाजूने आले, एवढाच काय तो शुभशकुन.

आता थोडी माहिती, कारण संपादकांना ती लागते. एका पाइपचा एसी खोलीतलीच हवा ओढून आपले पोट गार करतो आणि ती तापलेली हवा बाहेर फेकतो. बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. ती दाराच्या फटीतून, संडासाच्या झरोक्यातून आणि कॅलेंडरच्या कडेने येते. पुण्यात ती ३५ अंशांची असेल, चंद्रपुरात ४५ ची असते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ मध्ये अशा यंत्रांसाठी वेगळी चाचणी ठरवली. तिच्यात खोक्यावर १४,००० बीटीयू छापलेले यंत्र १०,००० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली येते. १२,००० म्हणजे एक टन. म्हणजे मास्तरांनी जवळपास सव्वा टनाचे पैसे मोजले आणि पाऊण-एक टन घरी आणला, तोही फटी बुजवल्या तर.

भिंतीवरच्या एसीची कथा तरी वेगळी कुठे आहे? त्याच्यावरच्या ज्या तारा आपण दुकानात भक्तिभावाने मोजतो, त्या ठरवताना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश धरते. चंद्रपूरचा मे महिना साधारण त्या तक्त्याच्या पुढच्या पानावर सुरू होतो, आणि ते पान छापलेलेच नाही. एप्रिल २०२५ मध्येच पारा ४५ च्या पुढे गेला होता. मे २०१९ मध्ये तो ४७ ओलांडून गेला. चंद्रपूर मागे पडले की ब्रह्मपुरी पुढे येते. देशातल्या सर्वांत उष्ण गावाचा मान शक्यतो जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा दोघांत करार असावा. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी नव्या एसींचे तापमान २० ते २८ अंशांच्या मधे बांधून टाकण्याचा विचार जाहीर केला. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "घरात २८ झालं तर आम्ही स्वेटर काढू जी."

खरे तर २८ अंश चंद्रपुरात विनापरवाना मिळतात, कूलरसमोर बसले की. बाहेर ४५ अंश असावेत आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के, तर ओल्या ताटीतून आलेली हवा २८ च्या आसपास उतरते. हा हिशेब कोरड्या हवेचा. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता सोबत घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितकी पाण्याला जायची घाई. म्हणून मुंबईच्या पाहुण्याला कूलरचे कौतुक कधीच पटत नाही. त्याच्या गावी ते यंत्र केवळ दमट वारा देते.

ताटीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकावे. एप्रिल उजाडला की गोल बाजारापासून गल्लीबोळांपर्यंत लाकडी गवताच्या ताट्या रचलेल्या दिसतात, आणि थोडे जास्त पैसे टाकणाऱ्यासाठी वाळ्याच्या. नव्या ताटीचा पहिला दिवस म्हणजे घरभर ओल्या जंगलाचा वास. तिसऱ्या आठवड्यात तोच वास डबक्याचा होतो, आणि नवी ताटी कोणाच्या चुकीमुळे आणायची राहिली यावर घरात चर्चा होते. वाळ्याची ताटी काही आजची नाही. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत खसखान्याचा, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांच्या खोलीचा, उल्लेख आहे. १८३० च्या दशकात गोऱ्या साहेबांनी एक मोठा लाकडी खोका वापरात आणला. त्याच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायचा पंखा, आणि पंखा फिरवायला उन्हात बसलेला माणूस. त्याला ते थर्मँटिडोट म्हणत. त्या माणसाच्या जागी मोटर आली, लाकडाच्या जागी पत्रा आला आणि तो खोका आपल्या खिडकीत येऊन बसला. आता हनीकोम्बच्या पुठ्ठ्याच्या ताट्या आल्या आहेत. त्या टिकतात जास्त, पण त्यांना वास नाही, म्हणून मास्तरीणबाईंच्या लेखी त्या ताट्याच नव्हेत.

कूलरची अट मात्र एसीच्या नेमकी उलटी. समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर आत आलेली ओल कोंडते आणि तासाभरात चादर चिकटते. एसीला सगळे बंद लागते. मास्तरांच्या घरात आता बेडरूममध्ये एसी आणि हॉलमध्ये कूलर आहे. मधले दार उघडे ठेवायचे की बंद, यावर नवतपाभर वाद चालला. हॉलचा कूलर ओली हवा ढकलतो, बेडरूमचा एसी तीच ओढून घेतो आणि पाणी करून बादलीत सोडतो. मास्तर ती बादली उचलून पुन्हा कूलरच्या टाकीत ओततात. याला ते जलसंवर्धन म्हणतात.

पूर्वी ही भानगड नव्हती. अंगणात पाणी मारायचे, बाजा टाकायच्या, मच्छरदाणी लावायची आणि चांदण्या मोजत झोपायचे. गडचिरोलीतल्या गावांत दारापुढे जांभळाच्या फांद्यांचा मांडव अजून पडतो. चंद्रपुरात मात्र अंगण गेले, आणि जिथे आहे तिथे झोपायची छाती होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक केंद्राच्या आवारात आणि शेजारच्या दुर्गापुरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे गेली. तेव्हापासून त्या भागातल्या लोकांना उघड्यावर झोपण्याचा गारवा सांगू नये. याच दिवसांत ताडोब्यात पर्यटक पंचेचाळीस अंशांत उघड्या जिप्सीत बसून त्याच जनावराची वाट पाहतात, कारण मे महिन्यात वाघ पाणवठ्यावर येतो. ज्याला त्याला आपापला कूलर.

त्याच औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. त्याला पाणी इरई धरणाचे, आणि मास्तरांच्या टाकीत येणारेही इरईचेच. राज्यभरचे एसी ज्या केंद्राच्या विजेवर चालतात, त्याच्या चिमण्या मास्तरांच्या गच्चीवरून दिसतात. गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे मात्र एका वादळात तार तुटली की गावे दिवसदिवस अंधारात राहतात. तिथल्या माणसाला मधल्या दाराचा हा वाद समजावून सांगणे अवघड आहे.

या रविवारी सोसायटीची बैठक भरली ती मात्र वेगळ्याच कारणाने. मास्तरांचा उतरवलेला कूलर मास्तरीणबाईंनी बाल्कनीत बसवून घेतला होता. त्याचे पाणी दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर ठिबकले. कुरडयांच्या मालकीणबाईंनी ओले ताट पुरावा म्हणून बैठकीत आणले. नुकसानभरपाई गव्हाची द्यायची की तयार कुरडयांची, यावर एकमत होईना. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात, हा सेक्रेटरींचा मुद्दा कोणी ऐकला नाही. पाणी भरताना आधी प्लग काढा, हा दुसरा मुद्दाही तसाच वाहून गेला. अखेर सर्वानुमते ठरले की विषय गंभीर असल्याने पुढची बैठक जूनच्या शेवटच्या रविवारी घ्यावी. तोवर पाऊस आलेला असेल आणि कूलर माळ्यावर गेलेले असतील, असे कुरडयांच्या मालकीणबाईंनी लक्षात आणून दिले. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच."