चिप फॉरमॅट करू नका

धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर आणि नंदुरबार इथल्या प्रत्येक मोबाइल दुकानदाराला, आणि त्याच्या काउंटरवर चिप ठेवून ‘भाऊ, नवीन गाणी भरून दे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. येत्या होळीपर्यंत एकही जुनी चिप फॉरमॅट करू नका. आधी तिच्यात काय आहे ते बघा, सगळं उतरवून ठेवा, आणि मगच जे भरायचं ते भरा. काम दहा मिनिटांचं आहे. ती दहा मिनिटं वाचवण्याच्या नादात सातपुड्यातले किती आवाज पुसले गेले असतील, याचा हिशेब आता कुणालाच मांडता येणार नाही.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. खिशात मावणारा पहिला एमपीथ्री प्लेअर दक्षिण कोरियातल्या कंपनीनं बाजारात आणला तोही १९९८ सालीच. दोघांची ओळख व्हायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. २००१ साली आलेला आयपॉड आपल्या पाड्यांवर कधी फिरकलाच नाही, आणि २०२२ साली तो बंद झाला तेव्हा इथं कुणाला पत्ताही नव्हता. आपल्याकडे आले ते चिनी बनावटीचे, नखाएवढी चिप खाणारे स्वस्त डबे. कुणाचा खिशाला अडकवायचा इवलासा एमपीथ्री, कुणाचा बॅटरीवर चालणारा स्पीकर, कुणाचा बटणांचा मोबाइल. जिथं वीज दिवसचे दिवस येत नाही आणि रेंज डोंगराच्या एका ठराविक टोकावरच मिळते, तिथं हा डबा म्हणजेच रेडिओ, टेप आणि सिनेमा. ऊसतोडीला गुजरातेत बारडोली-सुरतच्या बाजूला निघालेल्या टोळीच्या बोचक्यात कोयता, भांडी, पीठ आणि हा डबा असतोच. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत दिवसभराच्या कामानंतर आपल्या बोलीतलं गाणं तेवढ्याच एका जागी ऐकू येतं.

दुकानांवर पाट्या लागल्या : ‘येथे गाणी भरून मिळतील’. दुकानदाराच्या संगणकात हिंदी सिनेमा, अहिराणी, गुजराती टिमली, आदिवासी बँड असे ढीग. गिऱ्हाईक चिप देतो, दुकानदार ती लावतो, जागा करायची म्हणून फॉरमॅट मारतो आणि नवा ढीग ओततो. हे व्यवहाराचं झालं. त्या ढिगातली निम्मी गाणी चोरीची होती, आणि स्टुडिओत पदरचे पैसे घालून सीडी काढणारे आपलेच गायक त्यात बुडाले, हेही खरं. ती तक्रार वेगळी आणि रास्त आहे, पण आज ती मांडत नाही. सिनेमाची गाणी कुठंही मिळतील, ती पुसली तर पुसू द्या.

माझा जीव अडकला आहे तो त्याच चिपमधल्या दुसऱ्या फोल्डरमध्ये.

बटणांच्या मोबाइलवर रेकॉर्डिंगचं बटण होतं. पोरांनी ते दाबलं. लग्नात हळदीच्या रात्री बायका गात होत्या, ते. आजी दळता-निवडताना गुणगुणत होती, ते. होळीच्या रात्री मोठा ढोल घुमत होता आणि मागे पावरी वाजत होती, ते. कुणी रोडालीची अख्खी रात्र टिपली, कुणी इंदलच्या पूजेत गायला जाणारा गायणा टिपला. हे कुणी संशोधक म्हणून केलं नाही. मजा म्हणून, हौस म्हणून, ‘मामांचा आवाज घेऊन ठेव’ म्हणून केलं. एकदा अशी एक चिप नीट पाहा. दोन जीबीची असते, अक्षरं घासून गेलेली, पिना घामानं काळवंडलेल्या. आत ‘न्यू फोल्डर’, त्यात पुन्हा ‘न्यू फोल्डर’, त्यात नुसते आकडे दिलेल्या फायली. तारीख बघावी तर १ जानेवारी १९८०. बॅटरी काढली की त्या मोबाइलचं घड्याळ हरवायचं, आणि चिपवरची नोंद ठेवण्याची पद्धत आपली मोजणी १९८० पासून सुरू करते, म्हणून ती तारीख. फाइल उघडली तर आधी कुत्रं भुंकतं, कुणीतरी हसतं, मग एक म्हातारी सूर धरते. कोण, कुठल्या पाड्यावरची, कुणाच्या लग्नात, काही लिहिलेलं नाही. ते सांगू शकणारा माणूस मात्र बहुतेक वेळा त्याच घरात असतो. आज असतो.

घाई आहे ती यासाठी. चिप कायमची नसते. तिच्यातल्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू झिरपून जातो. जुनी, वारंवार भरलेली चिप लवकर दगा देते, आणि उष्णतेत आणखी लवकर. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वर घराला पत्रे. कॅसेट खराब व्हायची तेव्हा आधी खरखर यायची, आवाज लांबायचा, आपण सावध व्हायचो. चिप काही सांगत नाही. काल वाजली, आज ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारते, आणि आपण घाईत ‘हो’ दाबतो. त्यात बाजारात खोट्या चिपा भरपूर. वर ३२ जीबी छापलेलं, आत जागा चारची. ती भरली की नवं जुन्यावर चढतं आणि दोन्ही नासतं. शिवाय नव्या मोबाइलमध्ये चिप घालायची खाचच नाहीशी होत चालली आहे. ज्या बटणाच्या मोबाइलवर ते रेकॉर्डिंग झालं तो पोरांनी खेळायला घेतला किंवा भंगारवाल्यानं नेला.

नर्मदाकाठच्या मंडळींना हे वेगळं सांगायला हवं. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली ३३ गावं बुडिताखाली आली. मणिबेलीपासून सुरुवात झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत ज्यांनी नवी घरं मांडली, त्यांच्या जुन्या मोबाइलांत जुन्या गावातली एखादी रात्र राहिली असण्याची शक्यता आहे. गाण्यात गावाच्या ओढ्याचं, टेकडीचं, देवाच्या जागेचं नाव येतं. ती जागा पाण्याखाली आहे, ते गाणं त्या जागेवर बसून पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही. अशी चिप तुमच्याकडे असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ती शोधा.

आता करायचं काय, ते सांगतो. संगणकाचं ज्ञान लागत नाही.

चिप ज्या मोठ्या कव्हरात बसवून संगणकाला लावतात, त्या कव्हराच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली, ‘लॉक’कडे सरकवा. मग बहुतेक संगणकांना चिपमधलं फक्त वाचता येतं, पुसता येत नाही. दुकानदार मित्रांनो, एवढी एक सवय लावून घ्या. कार्ड रीडर शे-दोनशे रुपयांत मिळतो, त्यात जमलं तर अख्खी चिप जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये उतरवा. निवडत बसू नका. ‘ही फाइल वाजत नाही’ म्हणून टाकून देऊ नका. जुन्या मोबाइलनं केलेलं रेकॉर्डिंग बहुधा एएमआर नावाच्या प्रकारात असतं आणि काही मोबाइलांना ते कळत नाही, फाइल मात्र ठणठणीत असते. संगणकावर फुकट मिळणारा व्हीएलसी प्लेअर ती बहुतेकदा वाजवतो. एएमआर फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला, त्यामुळे ढोल आणि पावरी त्यात फुटक्या ऐकू येतात. ऐकून नाक मुरडू नका. गाणाऱ्या बाईचे शब्द त्यात स्पष्ट असतात, आणि मिनिटाला जेमतेम ९० केबी जागा लागते म्हणून पोरांनी अख्ख्या रात्री रेकॉर्ड करून ठेवल्यात. मूळ फाइल तशीच राहू द्या, ऐकायला सोयीची म्हणून एमपीथ्री वेगळी करा.

चिप लागतच नसेल तर पिना खोडरबरानं हलक्या हातानं पुसून बघा. ‘फॉरमॅट करू का?’ असं संगणकानं विचारलं तर उत्तर ‘नाही’. आणि चुकून फॉरमॅट झालीच असेल तर तिच्यात एकही नवं गाणं भरू नका, डब्यातून काढून ठेवा. साध्या फॉरमॅटनं बहुधा यादी पुसली जाते, माल जागेवर असतो. फोटोरेक नावाचा फुकटचा प्रोग्राम त्यातलं बरंच परत काढतो. वर नवं चढलं की मग मात्र कुणाच्या बापाला निघणार नाही.

उतरवलेली फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पण पाठवण्याच्या आधी त्याहून महत्त्वाचं काम आहे. चिप घेऊन घरातल्या जाणत्या माणसाजवळ बसा, वाजवा आणि विचारा : कोण गातंय, कुठला पाडा, कुणाचं लग्न, कुठली होळी? उत्तर कागदावर लिहा, किंवा दुसऱ्या मोबाइलवर त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा. पुण्यात गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, एक लाखाहून अधिक ओव्यांचा, त्याचं मोल कशात आहे? ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे, यात. ‘लोकगीत, अज्ञात’ असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आज्यांनाही अज्ञात ठेवायचं काही कारण नाही.

आणि हेही तितक्याच जोरानं सांगतो : सगळं यूट्यूबवर चढवायला धावू नका. लग्नातलं गाणं वेगळं, पूजेच्या रात्रीचं वेगळं, मयताच्या वेळचं रडणं तर फारच वेगळं. काही गोष्टी ठराविक रात्री, ठराविक माणसांनी, ठराविक माणसांसमोर गायच्या असतात. पुजाऱ्याला, गावच्या कारभाऱ्याला, गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर फाइल जपून ठेवा आणि गप्प बसा. कायदाही गाणाऱ्याच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. म्हणजे मोबाइल धरणाऱ्या पोरापेक्षा गाणाऱ्या आजीचा शब्द मोठा. शहरातून येऊन ‘कंटेंट’ गोळा करणाऱ्या हौशी मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

प्रती तीन हव्यात. एक घरात, एक गावात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर, एक जिल्ह्याबाहेर शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या आपल्याच माणसाकडे. एकाच पेनड्राइव्हवर सगळं ठेवून निर्धास्त राहणं म्हणजे पुन्हा तोच खेळ. घरच्यांची संमती असेल तर पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. १९८२ साली पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं संगीताचं मोठं ध्वनिसंग्रहालयही आहे. त्यांच्या दारात जायला हरकत नाही, पण आधी घरची प्रत करा. संस्थेला पत्र लिहू, मग बघू, असं म्हणत दोन उन्हाळे जातात.

आश्रमशाळांच्या आणि जीवनशाळांच्या शिक्षकांना एक मागणं आहे. मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून वहीत निबंध लिहायला लावण्याऐवजी घरातली जुनी चिप, जुना एमपीथ्री, बंद मोबाइल शोधून आणायला सांगा. नवापूर, तळोदा, शहाद्याच्या महाविद्यालयांतल्या पोरांनो, तुमच्याकडे लॅपटॉप आहेत आणि मावची, देहवाली, पावरी, कोकणी यांपैकी एखादी बोली तुमच्या घरची आहे. बाहेरून येणाऱ्या कुणालाही जी गोष्ट वर्षभर शिकावी लागेल ती तुम्हाला येते. शब्द तुम्हीच उतरवू शकता.

होळीला ऊसतोडीच्या टोळ्या पाड्यावर परततात. त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारात धडगावला, मोलगीला पाय ठेवायला जागा नसते, आणि काठीच्या राजवाडी होळीला तर पहाटेपर्यंत सगळा डोंगर जागा असतो. नवीन गाणी भरायला सर्वांत जास्त चिपा दुकानांत येतात त्या याच आठवड्यात. म्हणजे सर्वांत जास्त फॉरमॅटही याच आठवड्यात मारले जातात. तेव्हा दुकानदार मित्रांनो, बाजाराच्या आदल्या दिवशी ‘गाणी भरून मिळतील’ या पाटीखाली खडूनं एक ओळ वाढवा : ‘जुनं आधी उतरवून मिळेल’. वाटल्यास त्याचे दहा रुपये जास्त घ्या, कुणी कुरकुर करणार नाही. आणि टोळीवाल्या भावांनो, ताईंनो, बोचकं सोडलं की डबा पोरांच्या हाती देण्याआधी चिप बाहेर काढा. नवी चिप घ्या, तिच्यात हवी तेवढी टिमली भरा आणि नाचा. जुनी कागदात गुंडाळा, वर घरातल्या गाणाऱ्याचं नाव लिहा, आणि बाजारात जाताना बरोबर घेऊन निघा.